भर दुपारची मार्गारिटा

नंदाखालची मनोरमा चुरी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा दारू प्यायली. कुठे प्यायली, कोणाबरोबर प्यायली, कशी लागली, हे तिने परत आल्यावर विहिरीवर सांगितलं, देवळाच्या पायरीवर सांगितलं, बाजारात केळ्यांच्या पाटीमागे बसून गिऱ्हाइकालासुद्धा सांगितलं. तिथेच सगळं फिसकटलं. औषध म्हणून पेल्याच्या बुडाला दोन घोट घेणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या वसईत शोधल्या तर आळीला एक सापडेल. त्यांना कोणी काही म्हणत नाही, कारण त्या कोणाला काही म्हणत नाहीत. मनोरमेचं तसं नव्हतं. जे केलं ते बोलायचं, हा तिचा जन्माचा रोग.

आगाशीकडची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी चुरींच्या वाडीत आली ती पदर खोचूनच. केळीला पाणी लावणं, पानवेलीची पानं खुडणं, नारळ सोलणं, टोपल्या भरून बाजार गाठणं, यात अर्धं आयुष्य गेलं. नवरा स्वभावाने गरीब. छातीत कळ आली आणि गेला. मग वाडीचे दोन हिस्से झाले. उत्तरेकडचा थोरल्या दिराचा, हिरामण चुरींचा. दक्षिणेकडचा हिचा. मधे घायपाताचं कुंपण. "बाईमाणूस काय वाडी करणार," असं हिरामण चारचौघांत म्हणाले. पुढल्या वर्षी हिच्या केळीचे घड त्यांच्यापेक्षा वजनदार उतरले. ते मात्र हिरामण कोणाला म्हणाले नाहीत.

आणि हिला तोंडावर म्हणायची तर सोयच नव्हती. चुरींच्या घरात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. मधे कोणीतरी लागतं. "तिला सांगा, पंप बंद कर." "त्यांना सांगा, केला." मधे माणूस नसेल तर गाय चालते, नारळाचं झाडही चालतं. चाळीस वर्षं होत आली होती या रीतीला. एवढ्या काळात हिरामण आपल्या भावजयीविषयी गोठ्यातल्या जनावरांशी जितकं बोलले, तितकं आपल्या बायकोशीही कधी बोलले नसतील.

दोन हजार दोन साली मनोरमेच्या एकुलत्या एका लेकीचं, सुरुचीचं बाळंतपण आलं. सुरुची टेक्सासात, सॅन अँटोनियोला. डिंकाचे लाडू आणि बाळंतशोपा बांधून मनोरमा सहा महिन्यांसाठी तिकडे गेली. पहिला महिना बाळात गेला. दुसऱ्या महिन्यात घर खायला उठलं. रस्त्यावर माणूस दिसेना. "नुसत्या गाड्या," ती म्हणायची. "मानसं गाडीतच जल्मतात का काय, कोन जाने."

शेजारी लुपे राहायची. मेक्सिकोहून आलेली, हिच्याच वयाची, नवरा गेलेला. हिला इंग्रजी येईना, तिला मराठी. जमलं ते तव्यावर. लुपे मक्याच्या पिठाचे गोळे हातावर थापत होती. मनोरमा थोडा वेळ दारातून बघत राहिली, मग आत जाऊन हात धुतले आणि थापायला लागली. पुढल्या शुक्रवारी लुपेने हिला गाडीत घातलं आणि भर दुपारी एका खानावळीत नेलं. खिडकीला लागून मोठं टेबल, टेबलाभोवती सहा म्हाताऱ्या. लाल, पिवळे, मोरपिशी झगे. ओठ रंगवलेले. एकमेकींच्या पाठीत धपाटे घालून हसतायत. प्रत्येकीपुढे पसरट काचेचा पेला, त्याच्या काठाला मीठ. लुपेने एकेकीकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट वर आभाळाकडे नेलं. मनोरमेला कळायला जरा वेळ लागला. सगळ्यांचे नवरे गेले होते.

परत आल्यावर तिने हे सगळ्यात आधी सांगितलं ते रेजिनाला. रेजिना म्हणजे शेजारीण, रिक्षावाल्या फर्डिनंडची बायको. मनोरमेच्या ओट्यावर दोघी कोलंबी सोलत बसल्या होत्या.

"सहाच्या सहा रांडाव बाया," मनोरमा म्हणाली. "आनि भर दुपारी, खिडकीत! कोनी म्हनत नाय, का गं बायांनो, लाज हाय का?"

"आनि ती दारू? कशी लागते?"

"आंबट, खारट, मागनं कडू. कैरीचं पन्हं रागावलं तर कसं लागंल, तसं."

रेजिना हसून हसून कोलंबीच्या टोपात पडायची राहिली. मग म्हणाली, "आमच्यात लग्नात बाया घेतात गं वाइन. पन आपल्या मांडवात. हाटेलात, अशी खिडकीत बसून? नाय बाय."

"म्हनूनच मला हाटेलात पायजे," मनोरमा म्हणाली.

एवढंच तिचं मागणं होतं. ते जेवण, तो पेला, आपल्या गावाजवळ, भर दुपारी, उजेडात बसून. शोध सुरू झाला. त्या वर्षांत वसई-विरारला इमारत उभी राहिली की तिच्या तळाला हॉटेल निघायचं आणि पाटीवर पंजाबी आणि चायनीजच्या शेपटाला मेक्सिकन लिहिलेलं असायचं. फर्डिनंडच्या रिक्षातून दोघी निघायच्या. नालासोपाऱ्यात टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मक्याची पोळी, मागितला, तर शेवपुरीची पुरी मोडून तिच्यात पावभाजीची भाजी भरून आली. "बंबई में ऐसाच मिलता है, आंटी," वाढपी म्हणाला. विरारला मेक्सिकन सिझलर इतका धूर काढत आला की रेजिनाने कपाळाला हात लावून क्रूस केला. धूर विरला तेव्हा खाली कोबी आणि नूडल्स. कळंबच्या किनाऱ्यावर एका कॉटेजवाल्याकडे मार्गारिटा, म्हणजे तोच मिठाच्या काठाचा पेला, आहे असं कळलं. आली ती हिरवीगार. मनोरमेने घोट घेतला.

"हे तर वाळ्याचं सरबत! यात दारू कुठं हाय?"

"आजी, लेडीजसाठी अशीच बनवतात."

"मग जेन्टसना देतोस ती आन."

"ती परमिट रूममधे मिळते. लेडीज तिकडं जात नाय."

टाको प्रत्येक ठिकाणी वेगळा होता, पण हे वाक्य सगळीकडे तेच. पुरुषांसाठी परमिट रूम. बायांसाठी फॅमिली रूम, तिथे मिळतं टोमॅटो सूप.

आणि मग श्रीरंग सापडला. वसईत आंबाडी रोडच्या बाजूला त्याचं हॉटेल, साताऱ्याकडचं कुटुंब, चार वर्षं दुबईच्या हॉटेलात राबून आलेला. त्याने भिंतीवर मोठ्या टोपीच्या मेक्सिकन माणसाचं चित्र रंगवून घेतलं होतं. त्याच्या टाकोत ताजा टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू पिळलेली सुरमई होती. वर मात्र बारीक शेव. मनोरमेने पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून शेव बोटाने एकेक बाजूला काढायला लागली.

"काकू, शेव नाही टाकली तर पोरं खात नाहीत," श्रीरंग म्हणाला.

"मी पोर दिसते तुला?"

"नाही, पण धंदा पोरांवरच आहे ना."

हा मुद्दा तिला पटला. शेव वेगळ्या वाटीत द्यायची, यावर दोघांची तडजोड झाली. त्यानंतर ती महिन्यातून दोनदा जायला लागली. मैद्याच्या पोळ्या गेल्या, मक्याच्या आल्या. राजम्यातला गरम मसाला गेला. श्रीरंग कुरकुरायचा, पण ती आली की स्वतः ताट घेऊन यायचा. अडलं ते पेल्यावर. मार्गारिटात पडते त्या टकिलाची बाटली काउंटरच्या मागे उभी होती, सगळ्यांना दिसत होती.

"काकू, तुम्हाला हॉलमधे कशी देऊ?"

"हातानं."

"तसं नाही हो. परमिट लागतं प्यायचं."

मनोरमेने पर्स उघडली आणि आपल्या नावाचं परमिट टेबलावर ठेवलं. सरकारी रीतीप्रमाणे, तब्येतीसाठी म्हणून काढलेलं. श्रीरंगने ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाजूला फॅमिल्या बसतात, काकू."

"मग मी कोन? मी फॅमिली नाय?"

"असं करू. स्टीलच्या पेल्यात देतो. लिंबूपाणी समजतील. नाहीतर वर पडद्याची केबिन आहे."

"स्टीलच्या पेल्यात मी माझ्या घरी पीन. पडद्यात बसून पीन तर लोक खरंच वाईट समजतील." ती उठली. रेजिनाही अर्धा टाको हातात घेऊन उठली.

त्या नाताळात सुरुचीचा नवरा आठ दिवसांसाठी आला आणि येताना टकिलाची बाटली घेऊन आला. बाटलीवर झाडाचं चित्र होतं. फर्डिनंडने ते पाहिलं आणि तो ओरडलाच.

"अगे, ह्ये तर आपलं कुंपन!"

खरंच. जाड, टोकदार, करवती काठाची पानं. घायपात. चुरींच्या वाडीत मैलभर पुरेल इतकं उभं होतं. फर्डिनंड म्हणाला, "आमच्या आज्यानं जांभळाची काडलेली, केळ्याची काडलेली. ही तर फुकटची." जावई मुंबईला मित्राकडे गेला होता, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारलंही नसतं. पानावर जगणारी माणसं आम्ही. विड्याचं पान, केळीचं पान, जेवण पानावर, पूजा पानावर. झाड दिसलं की आमचा हात आधी पानालाच जातो. तिघांनी कुंपणातलं पंधरा-वीस हात घायपात पानं-पानं करून कापलं आणि उखळात घालून कुटायला घेतलं. टकिला त्या झाडाच्या पोटातल्या गड्ड्याची निघते आणि पानांच्या रसाने अंग सोलवटतं, हे सुरुचीने फोनवर सांगितलं, तोवर तिघांचेही हात कोपरापर्यंत लाल झाले होते. फर्डिनंडने तर कुटता कुटता मान खाजवली होती.

"मम्मी, तुम्ही कोणाला विचारलं नाही का गं?"

"कोनाला विचारनार? सगळ्यांना सांगितलं मात्र," मनोरमा म्हणाली. खोटं नव्हतं ते. खोबरेल तेल चोपडून तिघं ओट्यावर बसली होती आणि येईल-जाईल त्याला मनोरमा कारण सांगत होती.

कुंपणाच्या खिंडारातून हिची गाय पलीकडे गेली आणि हिरामणांच्या वांग्यांवर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरामण खिंडारापाशी आले. मनोरमा नारळाच्या बुंध्याशी पाट मोकळा करत होती. हिरामणांनी नारळाकडे तोंड केलं.

"गावात बोलतात, चुरींची विधवा दारू गाळते म्हणून. तिला सांग, फार झालं. आता पुन्हा त्या हॉटेलाची पायरी चढली, तर प्रणवच्या लग्नात मांडवात पाऊल टाकायचं नाही."

ते निघून गेले. मनोरमा तशीच फावडं धरून उभी राहिली. प्रणव हा हिरामणांचा मुलगा. त्याची आई अंथरुणाला खिळलेली असायची. त्याला न्हाऊमाखू घातलं ते मनोरमेने, पाटी-पेन्सिल दिली ती हिने. लग्न वैशाखात ठरलं होतं. नाताळ ते फेब्रुवारी, ती हॉटेलात गेली नाही. हातांची सालं निघून नवी कातडी आली. रेजिनाला वाटलं, प्रकरण मिटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी हिरामणांकडून निरोप आला, अर्थात रेजिनामार्फत. लग्नात वाडीतल्या बायकांची कामं वाटून झाली होती. मनोरमेकडे मागची पडवी. खोबरं किसायचं. हळदीच्या वेळी पुढे यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

"एवढंच म्हनाले?" मनोरमेने विचारलं.

"एवढंच."

"फर्डिनंडला सांग, शुक्रवारी रिक्षा काड."

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमाराला ती श्रीरंगच्या हॉटेलात शिरली. जांभळी साडी, डोळ्यांना चष्मा, पायात चांगल्या चपला. मधल्या टेबलांवर फ्लॅटमधली दोन कुटुंबं जेवत होती. ती सरळ खिडकीपाशी गेली आणि खुर्ची ओढली. रेजिना समोर बसली, पण अर्ध्याच खुर्चीवर.

"श्रीरंग, दोन टाको. आनि मार्गारिटा. काचेच्या पेल्यात, मीठ लावून."

"काकू, आपलं बोलणं झालंय..."

"ऐक. मी आता दर शुक्रवारी येनार. देनार नसशील तर नुसतं पानी घेऊन बसेन. आनि दारातनं आत येनाऱ्या एकेकाला सांगेन, का बसलेय ते. माझं तोंड तुला म्हायती हाय."

श्रीरंगने तिच्याकडे पाहिलं. फॅमिल्यांकडे पाहिलं. मग टोपीवाल्या चित्राकडेही पाहिलं. "मेलो," तो म्हणाला आणि काउंटरमागे गेला. बर्फाचा खडखडाट झाला. थोड्या वेळाने त्याने स्वतः पेला आणून तिच्यापुढे ठेवला. आइस्क्रीमचा होता, पण काचेचा, पसरट, काठाला मीठ.

ती पेल्याला हात घालणार, तेवढ्यात दारात हिरामण उभे. गावात सांगून निघालेल्या बाईचा पत्ता लागायला कितीसा वेळ लागतो?

चुरींच्या घरात थोरला दीर आला की भावजय उठून उभी राहते. मनोरमेचं अंग आपोआप उठलं. खुर्ची मागे सरकली. मग तिने टेबलाची कड घट्ट धरली आणि ती पुन्हा खाली बसली. रेजिना सांगते, एवढं अवघड काम करताना तिने या बाईला कधी पाहिलं नव्हतं.

हिरामण टेबलाशी आले. "रेजिना, तिला सांग, घरी चल."

"घरी चल म्हंतात," रेजिना म्हणाली.

"त्यांना सांग, जेवन व्हायचंय."

"जेवन व्हायचंय म्हनते."

"ऐकू आलं मला!" हिरामण रेजिनावरच खेकसले.

"मग मला कशाला मधी घालता? माझी सुरमई थंड होते."

शेजारच्या टेबलावरचं एक माणूस ठसकलं. हिरामणांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि त्या टोपीवाल्याला म्हणाले, "तिला सांग, मांडव विसरायचा असेल तर बस म्हणावं."

"भावजी," मनोरमा म्हणाली.

चाळीस वर्षांत तिने त्यांना अशी हाक मारलेली नव्हती. हिरामण दचकले.

"माझ्याशी बोला. मी हितं हाय. कुठला मांडव विसरू? हळदीला माझा हात चालत नाय, खोबऱ्याला चालतो. प्रनवच्या अंगाला मी तेल लावलंय, चार वर्षांचा होईपर्यंत रोज. आता हळद लावायला मी अशुभ. मागच्या पडवीत बसवलेल्या बाईला तुमी मांडवातनं काडनार? म्हंजे कुठनं काडनार, भावजी?"

श्रीरंग टाकोची ताटं हातात धरून उभा होता, ती ठेवायचं त्याला सुचेना.

हिरामणांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"तुला लाज नाही वाटत?"

रेजिनाने तोंडावर हात ठेवला. "अगे, बोलले!"

"बोलले खरे," मनोरमा म्हणाली. "चाळीस वर्षांत पहिलं बोललात, ते हे. नाय वाटत, भावजी. बसायचं असेल तर खुर्ची हाय. नसेल तर उजेड सोडा."

हिरामण खुर्चीकडे बघत राहिले. बसतील असं क्षणभर रेजिनाला वाटलं होतं. पण ते वळले. दारापाशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "मांडवात दिसू नकोस." तेही थेट तिलाच.

"नाय दिसनार," ती म्हणाली.

ते गेले. श्रीरंगने ताटं ठेवली. रेजिना हळूच म्हणाली, "आनि प्रनव?"

मनोरमेने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "त्याचा आहेर घेऊन ठेवलाय. तू ने. त्याला सांग, काकी रुसलेली नाय. पन खोबरं दुसरी कोनीतरी किसंल."

मग तिने पेला उचलला. काठाचं थोडं मीठ साडीवर सांडलं. एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"श्रीरंग! साखर घातलीस?"

"काकू, म्हटलं पहिल्यांदाच, जरा गोड..."

"एवढं सगळं झालं ते पन्हं प्यायला? परत ने. दुसरी कर."

मधल्या टेबलावरची एक बाई, मांडीवर मूल घेतलेली, मोठ्याने हसली आणि नवऱ्याने बघितलं तशी खाली मान घालून हसत राहिली. श्रीरंग पेला घेऊन गेला. पुन्हा बर्फ खडखडला. दुसरा पेला आला तो मनोरमेने दोन्ही हातांत धरला आणि सावकाश प्यायला. आंबट, खारट, मागून कडू. रस्त्यावरून जाणारे दोघे-तिघे थांबून काचेतून आत बघत होते. ती पीत राहिली.

"बरी आहे?" श्रीरंगने विचारलं.

"बरी हाय. पुढच्या शुक्रवारी हितं सहा खुर्च्या लाव."

"सहा? कोण कोण येणार आहे?"

"ते त्यांना अजून म्हायती नाय," मनोरमा म्हणाली आणि दोन महिन्यांत पुन्हा टाकोवर चढलेली शेव बाजूला काढायला लागली.